पाठमोरा

शुक्रवार, रात्री साडेअकरा

फोर्टातलं काम अर्ध्या तासात आटोपलं आणि लगेच घरी जायचं नव्हतं, म्हणून प्रदर्शनात शिरलो. रस्त्यावर टिपलेले गमतीदार क्षण, असं दारावर लिहिलं होतं. पन्नासेक प्रिंट होते. बाकीचे एव्हाना विसरायलाही लागलोय. एकच डोक्यातून जात नाही.

चोवीस बाय सोळा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. मरीन ड्राइव्हचा कट्टा, सगळे पाठमोरे. डावीकडे दोन जोडपी, उजवीकडे दोन जोडपी, खांद्याला खांदा लावून. मधे एकटा माणूस. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, कावळा. माणसाची मान डावीकडे कललेली, कावळ्याचीही अगदी तेवढीच डावीकडे. खाली पाटी: ‘जोडी. मरीन ड्राइव्ह, सप्टेंबर 2019.’

दोन मुली त्याच्यासमोर उभ्या राहून खदखदून हसत होत्या. मीही हसलो. मग त्यांच्यातली एक म्हणाली, “बिचारा.” आणि त्याच क्षणी मला वाटलं, ही पाठ माझी आहे.

वाटलं म्हणजे काय? स्वतःची पाठ कोणी पाहिलेली असते? केस कापून झाल्यावर न्हावी मागून आरसा धरतो, आपण काही न बघताच मान डोलावतो, तेवढाच आपला आपल्या पाठीशी परिचय. फोटोतल्या माणसाच्या भोवऱ्यापाशी जुन्या रुपयाएवढी जागा विरळ आहे. माझी आहे का, मला ठाऊक नाही. बॅगेचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. मी असाच घालतो, पण अर्धी मुंबई असाच घालते.

सप्टेंबर 2019मध्ये मी दुपारचा तिथे बसायचो, हे मात्र खरं. डबा घेऊन. का, ते राहू दे.

मग उभ्या उभ्या फोटो सोलायला लागलो. दुसरं काही येतच नाही म्हणा. कडेच्या मुलीचा खांदा किंचित बाहेर ओढल्यासारखा दिसतो, म्हणजे लेन्स वाइड आहे, 28 मिलिमीटरच्या आसपास. साधारण पाच मीटर कट्टा फ्रेममध्ये बसलाय. 28ने तेवढी रुंदी हवी तर चार मीटरवर उभं राहावं लागतं. म्हणजे तेरा फूट. तेरा फुटांवर कोणी कॅमेरा घेऊन आहे आणि माणसाला पत्ता नाही!

उभंही नाही, उकिडवं. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं, आणि इथे ते कट्ट्याच्या जेमतेम वर, कावळ्याच्या पायांशी आहे. उभ्याने काढला असता तर समुद्राची रेघ बरोबर सगळ्यांच्या मानांतून गेली असती आणि काळा कावळा करड्या पाण्यात बुडाला असता. निम्मे फोटो इथेच फसतात. खाली बसल्यामुळे डोकी आणि कावळा कोऱ्या आभाळावर सुटे दिसतात. विनोदासाठी आकार सुटा दिसावा लागतो. दोन माना एकाच कोनात कलल्यात, हे डोळ्याला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे. शोधावं लागलं की हसू येत नाही, फार तर कौतुक वाटतं.

सेटिंगचा अंदाजही लागतो. ढगाळ दिवस, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) 400, लेन्सचं छिद्र एफ 8, शटर 1/500 सेकंद. फोकस अडीच मीटरवर लावून ठेवला की 28ला दीडपासून दहा मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं, ऐन वेळी फोकसला हात लावायला नको. लोक छिद्र मोठं करून, एफ 2 लावून पाठीमागचं धूसर करतात, पण असल्या फोटोत गंमत दोन ठिकाणी असते. एक धूसर झालं की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. शिवाय आभाळ पांढरं असलं की कॅमेरा फसतो आणि माणसं काळीठिक्कर करतो. याने एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवलेला दिसतो, त्याशिवाय शर्टाच्या चुण्या आणि कावळ्याच्या पिसांची चमक आली नसती.

कावळ्याचे डोळे दोन बाजूंना. नीट बघायचं तर तो मान वाकडी करून एका डोळ्याने बघतो, तीही क्षणभर. एकाच क्लिकमध्ये हे मिळालं असेल तर नशीब. नसेल, तर त्याच्या कार्डावर या पाठीच्या आणखी वीस-पंचवीस फ्रेम पडून असतील. कावळा उडालेल्या, मान सरळ असलेल्या. ज्यांत कोणीच बिचारं नाही अशा.

दोन मुली केव्हाच पुढे गेल्या होत्या. शब्द तिथेच.

काच साधी होती, चकचकीत. दिव्याचा कोन चुकला की अशा काचेचा आरसा होतो, आणि फोटोतल्या गडद भागावर बघणाऱ्याचं तोंड उमटतं. जवळ गेलो तर त्या माणसाच्या पाठीवर माझं तोंड. मागे सरकलो. खाली बसलो असतो तर प्रतिबिंब सरकलं असतं, पण गॅलरीत उकिडवं बसायला लाज वाटली. ज्याने फोटो काढला त्याला भर मरीन ड्राइव्हवर वाटली नसावी.

बाकी प्रदर्शनाबद्दल चार ओळी, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी एकच फोटो पाहिला. जाहिरातीच्या फलकाखाली झोपलेला माणूस तीनदा होता. फलकवाल्यानेच निम्मा विनोद करून ठेवलेला असतो, आपण फक्त भाडोत्री माणूस यायची वाट बघायची. लांब लेन्सने काढलेले पाच-सहा अगदीच मिळमिळीत, कारण त्यांत अंतर चपटं होतं आणि काढणारा सुरक्षित आहे हे कळतं. चांगला होता तो रिक्षातून बाहेर डोकावणाऱ्या बोकडाचा. बोकडाचा चेहरा मीटरवाल्याशी हुज्जत घालणाऱ्याचा. आणि एक अगदी छोटा, आठ बाय दहाचा, तो सगळ्यांत बरा. हसवणारे फोटो मोठे छापू नयेत. चाळीस इंची प्रिंटमध्ये आधी माणूस दिसतो, मग मान वळवून कावळा, तोवर हसू सांडून जातं. दोन्ही टोकं एका नजरेत मावली पाहिजेत.

‘जोडी’ हे नाव द्यायला नको होतं. तारीख आणि जागा पुरे. नावाने सांगून टाकलं की इथे हसा.

बाहेर येऊन जहांगीरच्या पायऱ्यांवर बसलो आणि फ्रेंच फोटोग्राफर रोबेर द्वानो आठवला. 1948 साली त्याने पॅरिसमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेच्या आत कॅमेरा दडवला होता. काचेत एका बाजूला उघड्या बाईचं चित्र. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातला सगळ्यांत गाजलेला: बायको दुसऱ्याच चित्राकडे बघून काहीतरी सांगतेय आणि नवऱ्याची नजर तिरकी त्या बाईवर. बायकोचं बोलणं आणि नवऱ्याची नजर, यांच्या मधल्या फटीत सगळा विनोद. त्या नवऱ्याने पुढे तो फोटो पाहिला असेल का?

आणि त्याचाच 1950चा, पॅरिसच्या नगरपालिकेसमोर चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा. तीस-पस्तीस वर्षांनी त्याचं पोस्टर घरोघरी लागलं, आणि ते आपणच असं म्हणणारे लोक पुढे आले. एक जोडपं तर 1990च्या दशकात कोर्टात गेलं. तेव्हा द्वानोला सांगावं लागलं की फोटो ठरवून काढलेला, दोघं नाट्यशिक्षण घेणारी मुलं. त्यातल्या खऱ्या मुलीकडे त्याने दिलेला मूळ प्रिंट होता, तो 2005 साली लिलावात दीड लाख युरोंच्या वर गेला. कोर्टात गेलेल्या त्या बाईंना काय वाटलं असेल, याचा मी आजवर कधी विचार केला नव्हता. इतकी वर्षं भिंतीवरचं ते चुंबन आपलं, आणि एका दुपारी कळतं, नाही.

घरी आल्यावर तो शर्ट शोधला. त्या वर्षी वापरायचो तो विटकरी-शेवाळी चौकड्यांचा. फोटोतला शर्ट साधा, करडा दिसतो. सुटलो म्हणालो. पण नाही. शर्टाचं आता स्कूटर पुसायचं फडकं झालंय. कॉलरीजवळची बाजू शाबूत होती, ती दिव्याखाली धरून फोनने ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढली. चौकडे जवळपास गायब! विटकरी आणि शेवाळी दिसायला वेगळे, पण उजळपणा सारखा, त्यामुळे दोन्हींचा एकच करडा होतो. लाल फिल्टर लावला असता तर चौकडे उठून आले असते. त्याने लावलेला नसावा. ताई स्वयंपाकघरातून बघत होती, काही बोलली नाही. मीही नाही.

मग शेवटचा उपाय, समुद्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोक्याच्या मधे कट्ट्यावरून लाटेचा एक तुरा वर आलाय. म्हणजे भरती, आणि तीही उधाणाची. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, पाण्याला एवढा जोर नसतो. आमच्याकडचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईला बाराच्या पुढेमागे धरायचं. उधाण दिवसाउजेडी आहे म्हणजे दुपार. सावली कुणाचीच नाही, म्हणजे ढग. जोडपी भर दुपारी बसलीत, त्यात नवल नाही, संध्याकाळी ओळखीचे लोक फिरायला येतात.

सप्टेंबर 2019मध्ये अनंत चतुर्दशी 12ला, लगोलग 13-14ची पौर्णिमा. आणि 28ला शनिवारी अमावास्या. सर्वपित्री.

28ला तो मी असणं शक्यच नाही. त्या दिवशी मी दुपारी दीडपर्यंत आमच्या गच्चीवर होतो. पान वाढून कठड्यावर ठेवलेलं, मी काव काव करून घसा सुकवलेला, खाली सगळे उपाशी, आणि कावळा काही येईना. शेवटी काकांनी दर्भाचा केला.

येणार कसा? तो तिकडे मरीन ड्राइव्हवर फोटो काढून घेत होता.

हे सुचलं आणि एकटाच हसत सुटलो, ताईने दार लोटून घेतलं. कोणा भलत्याच माणसाशेजारी जाऊन बसला म्हणजे! आणि मग गंमत अशी की हसू ओसरल्यावर जरा वाईट वाटलं. 28चा असेल तर ती पाठ दुसऱ्याची. तो बिचारा दुसरा. संध्याकाळपासून ज्या शब्दाने छळलं, तो दुसऱ्याला देऊन टाकायला मी तयार नाही, असं काहीतरी. कावळ्याने तेवढ्यापुरती का होईना सोबत केली होती. डब्यातली पोळी बघून असेल.

13, 14, 15 उरतात. त्या तीन दिवसांचं मला काहीच आठवत नाही. त्या महिन्यातले दिवस तसेही एकासारखे एक.

फोटोवाल्याला विचारता येईल. फाइलमध्ये तारीख, मिनिट, सेकंद, सगळं असतं. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे आणि तो संध्याकाळी तिथे असतो म्हणे. पण जाऊन विचारायचं काय? “साहेब, ही पाठ जरा बघता का?” आणि वळून उभं राहायचं?

उद्या आधी केस कापून येतो. या वेळी आरसा जरा जास्त वेळ धर म्हणेन.