क्रेडिट नंतर, आधी साखळी

मंगळवार, रात्र

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायचा विचार डोक्यात आला की पहिला प्रश्न हमखास ठरलेला: किती क्रेडिट (पास झालेल्या कोर्सचे पदवीसाठी मोजले जाणारे गुणांक) वाया जातील? वेळ कशात जातो ते मात्र त्या आकड्यात दिसत नाही. वेळ खातात त्या पूर्वअटी, म्हणजे एखादा कोर्स घेण्याआधी पास व्हावे लागणारे कोर्स. हे आज आकडे मांडूनच लिहून ठेवते.

समजा पदवीला १२० क्रेडिट लागतात आणि सेमिस्टर ८. कुणीतरी ३ सेमिस्टर जीवशास्त्र केलं, आता संगणकशास्त्राकडे वळायचंय. हातात ४५ क्रेडिट. त्यातले भाषा, गणित, समाजशास्त्र वगैरेंचे २१ जसेच्या तसे चालतील. जीवशास्त्राचे २४ ऐच्छिक विषयांत टाकायचे, पण तिथे जागा १८चीच असेल तर ६ वाया. उरले ८१, सेमिस्टर ५. दर वेळी साधारण १६. जमण्यासारखं आहे, आणि इथेच माणूस निर्धास्त होऊन फॉर्म भरतो.

आता पूर्वअटींची साखळी बघा. प्रोग्रॅमिंगची ओळख, त्यानंतर डेटा स्ट्रक्चर, त्यानंतर अल्गोरिदम, त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम, आणि शेवटी दोन सेमिस्टर चालणारा प्रकल्प. आधीचं पास झाल्याशिवाय पुढचं मिळत नाही. ६ कड्या, सेमिस्टर ५. म्हणजे नववं लागणारच. डेटा स्ट्रक्चर फक्त सम सेमिस्टरला शिकवत असतील तर चौथ्यात ओळख, सहाव्यात डेटा स्ट्रक्चर, आणि प्रकल्प संपायला दहावं. मधलं पाचवं अल्गोरिदमसाठी लागणाऱ्या गणितात वापरता येईल, पण साखळी त्याने आखूड होत नाही.

म्हणून कागद आडवा धरा, सेमिस्टरचे रकाने पाडा आणि शेवटच्या कोर्सपासून उलटं लिहीत या. वर्षातून एकदाच होणाऱ्या कोर्सभोवती लाल गोल. पहिली कडी ज्या रकान्यात येते तो रकाना मागे पडला असेल, तर किती जादा सेमिस्टर लागणार ते समोरच दिसतं. हा कागद घेऊनच सल्लागाराकडे जावं, आणि कोणता जुना कोर्स कशाच्या बदली धरला जाईल ते लेखी घ्यावं. ‘बहुतेक चालेल’ हे उत्तर घेऊन परत येऊ नये.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. दोन विषयांत मन अडकलं असेल तर लांब साखळीच्या विषयाने सुरुवात करावी. भौतिकशास्त्रातून तत्त्वज्ञानाकडे तिसऱ्या वर्षीही वळता येतं. उलट दिशेने जायचं तर गणिताची शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

आणि मन अडकतं तरी कशात? बऱ्याचदा विषयाच्या नावात, नाहीतर पहिल्या वर्षाच्या एखाद्या सुंदर तासात. मानसशास्त्र घेणाऱ्याला माणसं समजून घ्यायची असतात, आणि समोर येते संख्याशास्त्र व संशोधनपद्धती. म्हणून तिसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडावं आणि एका प्रकरणाचा स्वाध्याय घेऊन दोन तास बसावं. उत्तरं चुकली तरी चालतील. पुढचं उदाहरण करून बघावंसं वाटतं का, एवढंच बघायचं.

‘दोन वर्षं घातली, आता कसं सोडू?’ असं म्हणणाऱ्या मुलांसाठी जीव तुटतो. ती दोन वर्षं कुठल्याच निर्णयाने परत येणार नाहीत. हिशेब पुढच्या सेमिस्टरांचा करायचा. पण एका कोर्सला घाबरून पळणंही नको. कॅल्क्युलस जड जातंय म्हणून अर्थशास्त्र घेतलं, तर तेच कॅल्क्युलस तिथेही भेटण्याचा संभव असतो.

बुडणारा कोर्स सोडायचा तर मुदतीच्या आत सोडावा. नापासाचा शेरा सरासरीत उतरतो, आणि नव्या विभागाने प्रवेशासाठी किमान सरासरी ठेवली असेल तर तिथेच अडतं. शिष्यवृत्ती किती सेमिस्टर मिळते तेही फॉर्म भरण्याआधी विचारावं. फॉर्म मात्र कोर्सनोंदणी सुरू होण्याआधी मंजूर व्हायला हवा, कारण बऱ्याच ठिकाणी पहिल्या कडीच्या जागा आधी त्या मेजरच्या मुलांना मिळतात.