महागडा डिस्क प्लेअर घ्यावा का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो: आहे तो ब्लू-रे प्लेअर चालतोय, टीव्ही चांगला आहे, रिसीव्हरही (स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) आहे, आता वरच्या श्रेणीतला प्लेअर घेतला तर फरक पडेल का? मी उलट विचारतो की तुमच्या जोडणीत प्लेअरकडे नेमकं काम काय आहे. मग समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. मी टाळत नाही. खरेदीचा सगळा निर्णय त्या उलट प्रश्नावरच अवलंबून आहे. म्हणून आज ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी 'तुम्ही महाग वस्तूंच्या विरोधातच असता' हे ऐकावं लागणार नाही.

प्लेअर डिस्कवरचे बिट वाचतो, चित्र उलगडतो आणि एचडीएमआयमधून पुढे देतो. आवाज 'बिटस्ट्रीम'वर असेल तर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (डिस्कवरच्या आवाजाचे दर्जा न घालवणारे प्रकार) तो उलगडतही नाही, जसाच्या तसा रिसीव्हरच्या हाती देतो. टपालवाला बदलला म्हणून पत्रातला मजकूर बदलत नाही. चित्राचंही बरंचसं असंच आहे. एचईव्हीसी (फोर-के डिस्कवर चित्र दाबून भरण्याची पद्धत) उलगडण्याचे नियम ठरलेले आहेत, स्वस्त चिप असो की महाग, उत्तर तेच यावं लागतं. फरकाला जागा आहे ती त्यानंतर. डिस्कवर रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या पाव ठिपक्यांइतकीच असते, आणि ती पूर्ण चित्राएवढी ताणताना प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. पण तो फरक लाल अक्षरांच्या कडांवर, पडद्याला नाक लावून पाहिलं तर दिसतो. सोफ्यावरून दिसत नाही.

तरीही 'नवा प्लेअर लावला आणि चित्र उजळलं' असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांना फरक दिसलेला असतो, फक्त त्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. बहुतेक टीव्ही चित्राच्या सेटिंग प्रत्येक एचडीएमआय इनपुटसाठी वेगळ्या साठवतात. जुना प्लेअर पहिल्या इनपुटवर 'सिनेमा' मोडमध्ये आणि नवा तिसऱ्यावर 'व्हिव्हिड'मध्ये असेल, तर तुलना प्लेअरची होत नाही, टीव्हीच्या दोन मोडची होते. त्यात बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटला एचडीएमआयची पूर्ण क्षमता वेगळी चालू करावी लागते. ती बंद राहिली की एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) नीट येतच नाही.

आवाजात याहून मोठी गफलत होते. ब्लू-रे प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' नावाची सेटिंग असते, मेनूचे आवाज आणि दिग्दर्शकाची टिप्पणी मूळ आवाजात मिसळण्यासाठी. ती चालू असली की मिसळण्यासाठी प्लेअरला मूळ ट्रॅक उलगडावा लागतो, आणि रिसीव्हरकडे जातो तो पुन्हा दाबून भरलेला साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. अॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज) गायब. रिसीव्हरच्या पट्टीवर 'अॅटमॉस' किंवा 'ट्रूएचडी' उमटत नसेल तर आधी हे बघा. दुसरं, डायनॅमिक रेंज कंट्रोल (मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारी सेटिंग) 'ऑटो'वरून 'ऑफ'वर न्या. नवा प्लेअर लावताना माणूस हे सगळं नीट लावतो आणि श्रेय प्लेअरला देतो. तेच आधी जुन्यावर करून बघा, त्याला काही खर्च नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी या विषयात इतका चिवट झालो. लेक्सिकॉन हे उच्च दर्जाच्या ध्वनियंत्रणांतलं जुनं, मानाचं नाव. त्यांनी बीडी-३० नावाचा ब्लू-रे प्लेअर काढला. किंमत ३,५०० डॉलर, टीएचएक्स या संस्थेचं दर्जाचं प्रमाणपत्र, जाड धातूचा दर्शनी भाग, हातात घेतल्यावर भरवसा वाटावा असं वजन. जानेवारी २०१० मध्ये ऑडिओहोलिक्स या संकेतस्थळाने तो उघडला. आत ओप्पो या दुसऱ्या कंपनीचा बीडीपी-८३ हा प्लेअर होता, ज्याची किंमत साधारण ५०० डॉलर. नुसता त्याचा सर्किट बोर्ड घेतलेला नव्हता. ओप्पोची मूळ पेटीच तळासकट लेक्सिकॉनच्या पेटीत बसवलेली होती. तोच ड्राइव्ह, तोच पॉवर सप्लाय. त्यांनी मोजमापंही घेतली, आणि ती ओप्पोसारखीच निघाली.

दुसऱ्याचा पाया वापरण्यात गैर काही नाही, हे इथेच सांगतो. त्याच काळात काही छोट्या कंपन्यांनी ओप्पोचाच पाया घेऊन आतला पॉवर सप्लाय आणि अॅनालॉग भाग नव्याने बांधले आणि त्याचे पैसे घेतले. ते पैसे कशाचे ते दाखवता येत होतं. आणि बीडीपी-८३ हा स्वतः उत्तम प्लेअर होता, म्हणजे लेक्सिकॉन घेणाऱ्याला वाईट यंत्र मिळालं असंही नाही. मला टोचतं ते वेगळंच. ३,५०० डॉलर देऊन तो प्लेअर घरी लावणाऱ्याला आपल्या जुन्या प्लेअरपेक्षा आवाज मोकळा, चित्र खोल वाटलं नसेल, असं मला वाटत नाही. वाटलं असणारच. वजन, किंमत, दर्शनी पट्टीवरचं नाव, हे सगळं कानापर्यंत पोचतं. म्हणूनच 'मी स्वतः ऐकलंय' या वाक्यावर मी निर्णय सोडत नाही, माझ्या स्वतःच्या कानांवरही नाही. दोन प्लेअर एकाच इनपुटला आळीपाळीने लावा, आवाजाची पातळी मीटरने जुळवा, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज मोठा न वाटता 'चांगला' वाटतो. आणि कोणता प्लेअर चालू आहे हे दुसऱ्या माणसाला ठरवू द्या. एवढं करूनही फरक ओळखता आला तर खुशाल घ्या.

इथपर्यंतचं वाचून 'म्हणजे घेऊच नये' असा निष्कर्ष काढाल, म्हणून थांबवतो. पूर्वी माझं उत्तर खरोखर एवढंच असायचं: गरज नाही. २००६ मध्ये ब्लू-रे आली तेव्हापासून पुढची दहा वर्षं ते उत्तर पुरत होतं, कारण प्लेअरला निर्णय घ्यायचेच नसत. २०१६ मध्ये फोर-के डिस्क एचडीआर घेऊन आल्या आणि प्लेअरला एक खरं काम मिळालं.

एचडीआर१० मध्ये उजेड निरपेक्ष आकड्यांत लिहिलेला असतो: हा ठिपका इतक्या निटचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप). ही मोजपट्टी १०,००० निटपर्यंत जाते. डिस्क साधारणपणे १,००० किंवा ४,००० निटच्या मॉनिटरवर तयार केलेली असते. तुमचा टीव्ही ६०० निटचा असेल, आणि घरगुती प्रोजेक्टर पडद्यावर १०० निटच्या आसपास घुटमळतो. मग वरचा उजेड कुठेतरी दाबावा लागतो. बेताचा टीव्ही तो सरळ कापतो, आणि ढगांतल्या सुरकुत्या जाऊन पांढरा ठिगळ उरतो. नाहीतर सगळंच चित्र खाली ओढतो, आणि मेणबत्तीच्या उजेडातला चेहरा वाचता येत नाही. पॅनासॉनिकच्या यूबी८२० आणि यूबी९००० मध्ये हे दाबण्याचं काम प्लेअर स्वतः करतो. सेटिंगमध्ये डिस्प्लेचा प्रकार सांगायचा (साधा प्रोजेक्टर, उजळ प्रोजेक्टर, ओलेड, एलसीडी) आणि 'एचडीआर ऑप्टिमायझर' चालू करायचं. प्रोजेक्टरवर याचा फरक कोणालाही, वरच्यासारखी चाचणी न घेता, पहिल्या अंधाऱ्या प्रसंगात दिसतो. प्रोजेक्टर असेल आणि त्याला स्वतःचं चांगलं टोन मॅपिंग (हेच उजेड दाबण्याचं काम) नसेल, तर मी दुसरा विचार न करता 'घ्या' म्हणतो.

एक खबरदारी. टीव्हीचं स्वतःचं डायनॅमिक टोन मॅपिंग चालू असताना प्लेअरचंही चालू ठेवलं तर चित्र दोनदा दाबलं जातं आणि मिळमिळीत होतं. दोघांपैकी एकच ठेवा. डॉल्बी व्हिजनच्या (एचडीआरचाच दुसरा प्रकार) डिस्कवर हे ऑप्टिमायझर लागूच होत नाही.

पण याच उदाहरणात माझ्या चिवटपणाचंही उत्तर आहे. यूबी८२० आणि यूबी९००० या दोन्हींत चित्रासाठी तोच एचसीएक्स प्रोसेसर आहे. यूबी९००० ची पेटी कितीतरी जड, बांधणी भक्कम, मागे एक्सएलआर (अॅनालॉग आवाजाच्या) जोडण्या. त्या एक्सएलआरचा उपयोग करणार असाल तर ठीक. रिसीव्हरला एचडीएमआयनेच जोडणार असाल तर चित्रासाठी जादा पैसे कसले, हे मला अजून कोणी पटवलेलं नाही. तेच डीएसीचं, म्हणजे डिजिटल आवाजाचा अॅनालॉग करणाऱ्या चिपचं. मॅग्नेटारच्या यूडीपी९०० मध्ये किंवा जुन्या ओप्पो यूडीपी-२०५ मध्ये ईएसएसची ईएस९०३८प्रो चिप आहे, सुरेख चिप आहे, पण आवाज एचडीएमआयने बाहेर पडला की ती चिप त्या साखळीत नसतेच. अॅनालॉग तारांनी स्टिरिओ अॅम्प्लिफायरला जोडून संगीत ऐकणाऱ्यासाठी मात्र प्लेअरच डीएसी असतो, आणि तिथे चांगल्या अॅनालॉग भागाचे पैसे कारणी लागतात.

कोणत्या डिस्क चालतात हे किमतीवरून अजिबात ठरवू नका. सुपर ऑडिओ सीडी (संगीताची जास्त दर्जाची डिस्क) यूबी९००० वाचत नाही, आणि त्याच्याहून बराच स्वस्त सोनीचा एक्स८००एम२ वाचतो. उलट सोनीच्या एक्स७०० आणि एक्स८००एम२ वर डॉल्बी व्हिजन हाताने चालू-बंद करावं लागतं. चालू ठेवून विसरलात तर साधी एचडीआर१० डिस्कही डॉल्बी व्हिजनच्या वेष्टनात बाहेर पडते. पॅनासॉनिक ते स्वतः ओळखतो. प्लेस्टेशन ५ ला प्लेअर म्हणून वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यावर डिस्कमधून डॉल्बी व्हिजन मिळत नाही आणि ऑडिओ सीडी चालतच नाही. ढीगभर डीव्हीडी असतील तर आणखी एक सोपी चाचणी: प्लेअरचं आउटपुट एकदा फोर-केवर आणि एकदा डीव्हीडीच्या मूळ रिझोल्यूशनवर ठेवून तोच प्रसंग बघा. तिरक्या रेषांवर दाते दुसऱ्या वेळी कमी दिसले तर टीव्ही ते काम जास्त चांगलं करतोय, आणि त्या कामासाठी नवा प्लेअर नको.

रिसीव्हर जुना असून त्यातून फोर-के एचडीआर पुढे जात नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर रिसीव्हर बदलण्याचा खर्च वाचवतो. एक तार टीव्हीला, दुसरी फक्त आवाजासाठी रिसीव्हरला. हे कारण मला कधीच कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात व्यवहारी कारण हेच आहे.

आता अडकणाऱ्या डिस्क, ज्यासाठी घाबरून महाग प्लेअर घेतले जातात. १०० जीबीच्या फोर-के डिस्कमध्ये माहितीचे तीन थर असतात, आणि वरचं संरक्षक आवरण जेमतेम एक दशांश मिलिमीटर. डीव्हीडीवर किरण सहा दशांश मिलिमीटर आत उतरतो, म्हणून बोटाचा ठसा त्याच्या वाटेत धूसर पडतो. इथे ठसा जवळजवळ माहितीवरच बसलेला असतो. थर बदलताना लेन्सला नवा फोकस पकडावा लागतो, आणि चित्र गोठतं ते बहुधा तिथेच. आधी बघा, दर वेळी एकाच मिनिटाला अडकतं का. एकाच जागी अडकलं तर दोष डिस्कचा. नव्याकोऱ्या डिस्कवरही कारखान्यातला पुसट थर असू शकतो, तेव्हा मायक्रोफायबरच्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग इतकी माहिती खातो की चूक-दुरुस्ती पुरी पडत नाही. वेगवेगळ्या डिस्क वेगवेगळ्या जागी अडकत असतील तर पिकअप (डिस्क वाचणारा लेसर-लेन्सचा भाग) थकलाय. तसं ठरवण्याआधी फर्मवेअर (प्लेअरचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि प्लेअरची वीज काही मिनिटं पूर्ण काढून ठेवा. ब्रश लावलेल्या सफाईच्या डिस्क मी वापरू देत नाही, त्या लेन्सला ढकलतात.

महाग प्लेअरचा ड्राइव्ह जास्त टिकतो का, या प्रश्नावर माझं माझ्याशीच पटत नाही. जड पेटी, कमी कंपन, बरा ट्रे, हे खरं. पण लेसर पिकअप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, आणि पेटीच्या वजनाने लेसरचं आयुष्य वाढत नाही. मी एक दिवस असं म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादी हट्टी १०० जीबी डिस्क भक्कम ड्राइव्हवर निमूट चालताना बघून गप्प बसतो.

त्यात दुकानं मिटत चालली आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर बंद केले, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ च्या अखेरीस. 'मग आत्ताच चांगला घेऊन ठेवावा का?' हे तुम्ही अलीकडे जास्त विचारता, आणि इथे तंत्राचं उत्तर संपतं. डिस्कचा मोठा संग्रह असेल तर एका महाग प्लेअरऐवजी दोन मध्यम घ्यावेत, एक खोक्यात ठेवावा, असा माझा कल आहे. पण खोक्यातल्या प्लेअरची वॉरंटी न वापरताच संपते, आणि बंद पडून राहिलेल्या ट्रेचे रबरी पट्टे सैल होतात. ठेवलात तर काही महिन्यांनी बाहेर काढून एक अख्खी १०० जीबी डिस्क शेवटपर्यंत चालवा आणि फर्मवेअर भरून ठेवा, कंपनीचं डाउनलोडचं पान आहे तोवर.