मोहरीची ट्यूब

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी पडलो, कारण घरी पाहुणे होते आणि पाहुण्यांना आइस्क्रीम हवं होतं. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात फ्रीजचं झाकण उघडलं आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तोंड आत घालून उभा राहिलो. मटारचे पुडे, मक्याचे दाणे, बटाट्याच्या त्या लांबट फोडी आणि सगळ्यात खाली दबलेलं एक पाकीट. चिकन सॉसेज. वर बर्फाचा एवढा थर की तारीखसुद्धा दिसेना. दुकानदार म्हणाला, "घेऊन जावा की, पोरं आवडीनं खातेत." घेतलं नाही. पण आमचा जर्मन आठवला.

आमचा म्हणजे कारखान्याचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो, आणि जी कामं कुणाच्याच वाट्याची नसतात तीही बघतो. नवे रॅपियर माग आले तेव्हा ते उभे करून द्यायला हा माणूस आला होता. न्यूरेंबर्गचा. पन्नाशीचा, उंच, बोलणं मोजकं. माग कसे उभे करायचे हे जॉबरनं, म्हणजे मागांच्या मुकादमानं, बघायचं आणि साहेब काय खाणार हे मी.

पहिला आठवडा त्यानं हॉटेलचं पनीर बटर मसाला निमूट सोसलं. दुसऱ्या आठवड्यात इडलीवर आला. मग एकदा दुपारच्या सुटीत मला मागांच्या आड बोलावून, चोरीचा माल विचारावा तशा आवाजात त्यानं विचारलं, या गावात सॉसेज कुठे मिळतं?

जॉबरला वाटलं, साहेबाला काहीतरी भलतंच हवंय. "काय मागतोय बे त्यो?" त्याला समजावलं. मग कारखानाभर चर्चा झाली. कुणी म्हणालं खिमा, कुणी म्हणालं कोफ्ते. शेवटी मी त्याला संध्याकाळी विजापूर वेशीत नेला आणि निखाऱ्यावरचे सीख कबाब पुढ्यात ठेवले. म्हटलं, हेच की आमचं सॉसेज. त्यानं खिशातून ट्यूब काढली. टूथपेस्टसारखीच दिसणारी, पण आत मोहरी. घरून आणलेली. कबाबवर ती पिळली, चवीनं खाल्लं, आणखी मागवलं, कबाबवाल्याशी हातसुद्धा मिळवला. गाडीवर माझ्यामागे बसल्यावर म्हणाला, "फार छान होतं. आता सॉसेज कुठे मिळेल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे भुकेचं दुखणं नाही. जिभेचंही नाही. याच्यावर चांगलंचुंगलं खाऊ घालणं हा इलाज चालायचा नाही.

एरवी न बोलणारा हा माणूस सॉसेजचा विषय निघाला की सुटायचा. त्यांच्या गावचं सॉसेज बोटाएवढं, सात ते नऊ सेंटीमीटर, वजन वीस ते पंचवीस ग्रॅम. आत डुकराचं मांस आणि मार्जोरम नावाचा वाळवलेला पाला. जाळावर भाजायचं, सहा, आठ किंवा डझनाच्या हिशेबात कथलाच्या ताटलीत घ्यायचं, सोबत आंबवलेला कोबी. उभ्या उभ्या खायचं असेल तर एका पावात तीन. गावाच्या हद्दीबाहेर केलेल्याला ते नाव लावता येत नाही, २००३ पासून युरोपात तसा कायदाच आहे. मी लगेच म्हटलं, आमच्या चादरीलाही असलंच मानांकन आहे, तरी पानिपतची चादर सोलापुरी म्हणून विकली जातेच. यावर त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा माणूस म्हणून बघितलं.

बाकीच्या सॉसेजांबद्दल मात्र त्याचं मत आमच्या आत्याचं दुसऱ्यांच्या पुरणपोळीबद्दल असतं तसं होतं. म्युनिकचं पांढरं सॉसेज? ते उकडतात, त्याचं कातडं काढून टाकतात, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत खाऊन संपवतात, म्हणजे बघा. थुरिंगियाचं? लांबलचक, त्यात शहाजिरं. इंग्रजांचं? त्यात ब्रेडचा चुरा असतो, पुढे बोलायचं काम नाही. बर्लिनवाले तर तुकडे करून वर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालतात. हेर्टा हॉयवर नावाच्या बाईंनी १९४९ मध्ये ते सुरू केलं म्हणे. करी पावडर म्हणताना तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू ती पुडी बाईंना मीच पोचवली.

मग एके दिवशी मिळालं. सोलापुरातच, आजच्यासारख्याच एका फ्रीजमध्ये. चिकनचं, पण सॉसेज. डुकराचं आहे का म्हणून विचारल्यावर दुकानदार नुसता हसला. साहेबानं दुकानातली होती नव्हती ती सगळी पाकिटं उचलली. हॉटेलात शिजवायची सोय नाही, म्हणून वरात आमच्या घरी.

बायकोनं पाकीट दोन बोटांत धरून विचारलं, "हे तळायचं का उकडायचं? फोडणी?" त्यानं विनयानं तवा मागितला. शेंगतेलाचा हात फिरवला, एकेक सॉसेज मांडलं आणि वळवत बसला. पाठ आमच्याकडे. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात, माझी आईसुद्धा. कुणी बोलेना. गुलाबी रंगाचं तपकिरी झालं. त्यानं एक उचललं, दोन्ही हातांत धरून वाकवलं. ते नुसतंच वाकलं. पुन्हा वाकवलं. मग मला म्हणाला, "कातडं नाही याला."

खरं सॉसेज आतड्यात भरतात, त्यांच्या गावचं मेंढीच्या बारीक आतड्यात. दात लावला की त्या कातड्याचा टच्चकन आवाज यायला पाहिजे. पाकिटातलं यंत्रानं साच्यात घालून शिजवतात आणि वरचा पापुद्रा सोलून टाकतात. आवाज कुठून येणार?

मेंढीचं आतडं म्हटल्याबरोबर मी त्या स्वयंपाकघरातून उठून साखर पेठेत, आमच्या जुन्या वाड्यात.

रविवार. चारी बाजूंनी मागांची खटखट थांबलेली, त्यामुळे वाडा भलताच शांत. आजी न्हाणीतल्या दगडावर वजडी घेऊन बसलेली. बोल्हाईची असली तर तिची कळी खुललेली, मेंढीच्या वजडीला चव वेगळी म्हणायची. आधी कढत पाणी, मग चुना, मग बोथट सुरीनं खरवडणं. टॉवेलासारखा तो करडा भाग हळूहळू पांढरा होत जायचा. आतड्यांचं काम शेवटी, आणि तिथे माझी हजेरी. एक टोक मी धरायचं, दुसऱ्या टोकातून ती तांब्यानं पाणी सोडायची. हातातलं ते गार, निसरडं आतडं एकदम फुगायचं, जिवंत झाल्यासारखं वळवळायचं आणि पाणी माझ्या पायावर पडायचं. "सोडू नको बे!" मी सोडायचोच. मग एकदम सगळं न्हाणीभर, आणि आजीच्या शिव्या, मराठीत सुरू होऊन तेलुगूत संपणाऱ्या. आई त्या दिवशी तिकडे फिरकायची नाही. संध्याकाळी मात्र वडिलांच्या आधी तिचंच ताट असायचं.

हे मी त्याला सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. आजी आतडी कशी उलटी करायची, काडीनं की बोटानं, हे त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "म्हणजे सगळं होतं तुमच्याकडे. नुसतं भरायचं राहिलं."

राहिलं खरं. धुतलेलं आतडं हातात, पाट्यावर काळा मसाला तयार, शेजारी खिमा, आणि आजीनं काय केलं तर बारीक तुकडे करून कढईत टाकले. तिला सुचतं तर आज चादरीशेजारी आणखी एक मानांकन असतं आणि पानिपतवाले त्याचीही नक्कल करत असते. तसं आपलं आतडं तरी परदेशी पोचलंच आहे. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या यादीत आतड्यांचं स्वतंत्र नाव आहे.

बिनकातड्याची सॉसेजं त्यानं सगळी खाल्ली. कडक भाकरी मोडून, शेंगाचटणी आणि दही लावून, आणि वर मोहरी. चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण समाधान होतं. "बरोबर नाही," तो म्हणाला, "पण आहे." आईनं सॉसेजचा तुकडा चाखून बघितला आणि "मीठच लागतंय की" म्हणून निकाल दिला. मोहरी मात्र तिला आवडली.

नंतर नंतर तो शनिवारी सकाळच्या हुतात्मानं पुण्याला जायला लागला. कॅम्पातून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून डुकराची सॉसेजं आणायची आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं. अडीचशे किलोमीटर जायचं, अडीचशे यायचं. कामगार हसायचे. मी नाही हसलो. पुण्यात शिकत होतो तेव्हा मेसमध्ये शेंगाचटणी म्हणून जे वाढत ते मिक्सरमधून काढलेलं कोरडं कूट असे. उखळात कुटून तेल सुटलेली, बोटानं दाबली की गोळा होणारी चटणी घ्यायला मी एका दिवसाच्या सुटीतसुद्धा घरी यायचो. पुण्याला परत जाताना भिगवण मागे पडलं की माझा परदेश सुरू व्हायचा.

त्याचाही तसाच कुठूनतरी सुरू होत असणार. पुढे एका जानेवारीत मालकांबरोबर फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला गेलो. इकडे गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघालेले, आणि आम्ही तिकडे थंडीत टॉवेलांच्या घड्या मांडून बसलेलो. साहेब मुद्दाम भेटायला आला. मला वाटलं, आता हा आपल्या देशात भेटतोय, राजा असेल. बाहेर सॉसेजची गाडी होती, घमघमाट सुटला होता, मी म्हटलं चला. त्यानं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. "हे आमचं नाही," म्हणाला. त्याचं गाव तिथून रेल्वेनं दोन-सव्वादोन तासांवर. मी मुकाट्यानं त्याला हॉटेलवर नेलं. मालक शाकाहारी, बॅगेत कडक भाकऱ्यांची चवड. तिघांनी पलंगावर वर्तमानपत्र पसरून भाकरी चुरली. त्यानं खिशातून ट्यूब काढली. मालकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, औषध आहे त्यांचं.

सोलापुरातला त्याचा एक रविवार मात्र वेगळा गेला. काय दाखवायचं म्हणून मी त्याला भैय्या चौकात डॉक्टर कोटणिसांच्या स्मारकात नेलं होतं. परदेशी माणूस आला की आम्ही नेतोच. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, मग हे. फोटोंसमोरून फिरत मी पाठ असलेलं सांगत होतो. १९१० चा जन्म, इथलाच. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच गेले. वय बत्तीस.

तो ऐकत होता. आजवर आणलेल्या पाहुण्यांपैकी कुणी क्रांतीबद्दल विचारतं, कुणी युद्धाबद्दल. यानं विचारलं, "तिथे खायचा काय?"

म्हटलं, उत्तर चीनमध्ये ज्वारी पिकते, आपल्यासारखीच. आणि भोगीला आपण ज्याचा भात करतो तो राळा त्या सैन्याच्या रोजच्या जेवणात असायचा.

"मग ठीक," तो म्हणाला. "धान्य ओळखीचं होतं."

मला का कुणास ठाऊक, रागच आला. म्हटलं, "धान्य असून काय करायचं? भाकरी थापायला कोण होतं तिथं?"

तो काही बोलला नाही. एका फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला, इतका की रखवालदारानं दोनदा येऊन बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आल्या आल्या त्यानं जॉबरला सांगितलं, पंधरा दिवसांत सगळं उरकायचं. जॉबर म्हणाला, "साहेब, महिन्याचं काम हाय की वो." पंधरा दिवसांत उरकलं. चार नंबरचा माग तेवढा अजून कुरकुर करतो.