गावठाणातल्या विहिरीचा सातबारा

घोडबंदर रोडला कितीही टॉवर उभे राहिले तरी आमच्या गावठाणातली दगडी विहीर अजून तग धरून आहे. तिच्या काठाला एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची कोरीव स्मृतिशिळा. खालच्या पट्टीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती तो शिवलिंग पूजतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदूर फासून लोकांनी त्याचा देव केला म्हणूनच तो वाचला, असं माझं मत.

राज्य संरक्षित स्मारक व्हावं म्हणून राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली प्रस्ताव द्यायचा ठरवला. फोटो, मापं, ग्रामस्थांच्या सह्या, सगळं पटापट झालं. अडलो ते मालकीच्या कागदावर.

एका कार्यालयातल्या साहेबांनी फाइल उघडली. ‘सातबारा कुठाय?’

‘साहेब, गावठाणाला सातबारा नसतो. ही मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापनाची.’

‘यादीत सातबारा लिहिलाय.’

तलाठ्याकडे गेलो तर तो हसायलाच लागला. ‘गावठाणाचा सातबारा मी कुठून आणू?’ तेवढंच लेखी द्या म्हटलं, तर तेही नाही. परत त्याच टेबलाशी आलो, तर साहेब रजेवर, फाइल कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. वीरगळावरचा गडी एका लढाईत थेट कैलासाला पोचला, आमची फाइल एका कपाटातून बाहेर पडेना! साहेब आले आणि पुन्हा तेच, ‘सातबारा आणा.’

शेवटी वाद घालणं सोडलं. ‘त्रुटी लेखी कळवा’ एवढाच दोन ओळींचा अर्ज दिला आणि आपल्याकडच्या प्रतीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का घेतला. लेखी उत्तर काही आलं नाही, पण पुढच्या खेपेला मिळकत पत्रिका निमूटपणे फाइलला लागली होती. त्या दिवशी स्टेशनपर्यंत चालत गेलो, रिक्षाची आठवणही झाली नाही.

तेव्हा आवक क्रमांकाशिवाय एकही कागद देऊन येऊ नका. मिळकत पत्रिकेसाठी खेटे घालायची गरज नाही, डिजिटल सहीची प्रत सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळते. आणि हो, फोटो चांगले यावेत म्हणून वीरगळावरचा शेंदूर ॲसिडने काढायला जाऊ नका, कोरीवकाम जातं. आमच्याकडे एकजण बाटली घेऊन आलाच होता.

आता पाहणी झाली आहे. प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम. तोवर विहिरीच्या काठाला टाइल्स बसवायला निघालेल्या मंडळाच्या पोरांना कसंबसं थोपवून धरलंय.