'हेअरस्प्रे'च्या वाटेनं बाल्टिमोर

२००७चा 'हेअरस्प्रे' सिनेमा बघून अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जाल तर पहिल्याच दिवशी निराशा होईल. त्यातल्या रंगीत गल्ल्या, ट्रेसीची शाळा, टीव्हीचा स्टुडिओ हे सगळं कॅनडातल्या टोरोंटोत चित्रित झालंय. बाल्टिमोरात पाहण्यासारख्या खुणा आहेत त्या दिग्दर्शक जॉन वॉटर्सच्या १९८८च्या मूळ सिनेमाच्या, आणि त्याहूनही जास्त त्या सिनेमामागच्या खऱ्या घटनांच्या. म्हणून जायच्या आधी जुना सिनेमा एकदा बघून घ्या. त्यात गाण्यांपेक्षा नाच जास्त आहे, ट्रेसीचं काम रिकी लेकनं केलंय आणि तिच्या आईचं, एडनाचं, डिव्हाइन या बायकांच्या भूमिका करणाऱ्या नटानं.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १९६२ साल. ट्रेसी टर्नब्लॅड ही जाडजूड, फुगवलेल्या केसांची मुलगी. टीव्हीवरच्या 'कॉर्नी कॉलिन्स शो'मध्ये तिला नाचायला मिळतं, आणि कृष्णवर्णीय मुलांना त्यात बरोबरीनं नाचता येत नाही हे बघून ती भांडायला उभी राहते. शेवटी सगळे एकत्र नाचतात. या शोचा मूळ नमुना म्हणजे 'बडी डीन शो'. तो १९५७ पासून बाल्टिमोरच्या चॅनेल १३ वर, म्हणजे डब्ल्यूजेझेडवर लागायचा. रोज नाचणाऱ्या गोऱ्या मुलामुलींच्या गटाला खरोखरच 'कमिटी' म्हणत. कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळा दिवस राखलेला असे. शोचा शेवट मात्र सिनेमातल्यासारखा झाला नाही. तो शोधतच मी दोन दिवस हिंडलो.

वॉशिंग्टनच्या आसपास कुणा नातेवाइकाकडे उतरला असाल तर युनियन स्टेशनवरून मार्क या लोकल रेल्वेची पेन लाइन पकडा. साधारण तासाभरात बाल्टिमोरचं पेन स्टेशन येतं. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. पेन स्टेशनपासून दहा-एक मिनिटं चालत गेलं की लाइट रेलचं माउंट रॉयल स्टेशन लागतं. तिथून उत्तरेकडे दुसरं स्टेशन वुडबेरी.

वुडबेरीला उतरलात की पश्चिमेकडे मान वर करा. टेकडीवर तीन टोकांचा एक प्रचंड मनोरा दिसतो. तीच टेलिव्हिजन हिल. १९५९ साली हा मनोरा उभा राहिला तेव्हा एकाच खांबावर तीन स्टेशनांचे तीन अँटेना बसवायचा जगातला तो पहिला प्रयोग होता. टेकडीवर माल्डन अव्हेन्यूला डब्ल्यूजेझेडची इमारत आहे. चढ बऱ्यापैकी आहे, पाऊण रस्त्यात दम लागतो. वर पोचल्यावर आत सोडत नाहीत, कारण ते चालू टीव्ही स्टेशन आहे. रस्त्यावरूनच बघायचं. तरी जावंच. १२ ऑगस्ट १९६३ ची घटना याच टेकडीवरची.

तो दिवस कृष्णवर्णीय मुलांसाठी राखलेला होता. सिव्हिक इंटरेस्ट ग्रुप ही विद्यार्थ्यांची संघटना, तिच्या कामात मॉर्गन स्टेट कॉलेजची मुलं पुढे असत. त्यांनी त्या दिवशीची तिकिटं मिळवली. ठरल्याप्रमाणे गोरी मुलं-मुलीही स्टुडिओत येऊन थडकली. कार्यक्रम थेट प्रसारित होत होता. कॅमेरे चालू असताना दोन्हीकडची मुलं एकत्र नाचली आणि बाल्टिमोरच्या घराघरांत ते दिसलं. स्टेशनवर पत्रांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला. कमिटीतल्या मुलांच्या पालकांना एकत्र नाच मान्य नव्हता, आणि वेगळे दिवस ठेवणंही आता चालण्यासारखं नव्हतं. स्टेशननं तिसरा रस्ता काढला. ४ जानेवारी १९६४ ला शोच बंद करून टाकला. सिनेमा जिथे आनंदानं संपतो तिथे खऱ्या गोष्टीत पडदाच पडला. वॉटर्सला हे नीट ठाऊक होतं. १९८५ साली 'बाल्टिमोर' मासिकात त्यानं या शोवर लेख लिहिला होता, त्यातूनच पुढे सिनेमा आला. शोचा खुद्द सूत्रसंचालक बडी डीनही सिनेमात बातमीदार म्हणून क्षणभर दिसतो.

आता त्या नाचाबद्दल, कारण तो पायांत उतरल्याशिवाय या शोचा जीव कळत नाही. सिनेमातला आणि त्या काळच्या शोमधलाही लाडका नाच म्हणजे मॅडिसन. ओहायोतल्या कोलंबस शहरात, कृष्णवर्णीयांच्या क्लबांत तो १९५० च्या दशकाअखेरीस सुरू झाला. पुढे रे ब्रायंटच्या चमूची 'मॅडिसन टाइम' ही तबकडी आली. तिच्यात हुकूम देणारा आवाज एडी मॉरिसनचा, हा बाल्टिमोरचाच रेडिओ निवेदक. सगळे एका रांगेत, तोंड एकाच दिशेला. मूळ पदन्यास सहा मोजांचा. एकला डावा पाय पुढे. दोनला उजवा त्याच्याजवळ आणून नुसता टेकवायचा आणि टाळी द्यायची. तीनला उजवा मागे. चारला डावा पाय उचलून उजव्यावर आडवा न्यायचा, पाचला डावीकडे काढायचा, सहाला पुन्हा आडवा. परत एक.

चुकतं ते दोन ठिकाणी. टाळीच्या वेळी उजव्या पायावर अंगाचा भार टाकला की तीनला तो पाय मागे नेताच येत नाही, माणूस जागच्या जागी अडकतो. तेव्हा दोनला भार डाव्यावरच ठेवायचा. तीनपासून सहापर्यंत भार पूर्ण उजव्यावर, डावा हवेत. दुसरी अडचण कानाची. गाणं चार मात्रांचं आणि पाऊल सहाचं, त्यामुळे नवखा माणूस चारलाच थांबतो. पाऊल आणि ताल बारा मात्रांनी जुळतात, म्हणजे मूळ पदन्यास दोनदा झाला की तीन आवर्तनं पुरी होतात. तबल्याशी थोडी ओळख असेल तर हे पटकन हाताशी येतं. मधेच आवाज येतो, 'डबल क्रॉस', 'क्लीव्हलंड बॉक्स', 'बिग एम'. हुकूम ऐकू आला की लगेच वळायचं नाही, पुढच्या एकची वाट बघायची. घाई करणाराच रांग मोडतो.

या नाचात कुणी कुणाचा हात धरत नाही. जोडीनं नाचायचे प्रकार मात्र त्या शोमध्ये भरपूर होते, आणि माझ्या मते पालकांची खरी भीती तिथे होती. रांगेतल्या पावलांनी कुणाची झोप उडाली नसती, ती उडाली गोऱ्या मुलीच्या हातात कृष्णवर्णीय मुलाचा हात टीव्हीवर दिसेल या कल्पनेनं.

टेकडी उतरून रूळ ओलांडले की पलीकडे हॅम्पडेन. छत्तिसाव्या रस्त्याला तिथे नुसतं 'द अव्हेन्यू' म्हणतात. फुगवलेले केस, मांजरीच्या डोळ्यांसारखे चष्मे, प्रत्येकाला 'हन' (म्हणजे 'हनी') म्हणणाऱ्या बायका, या सगळ्याचा उत्सव इथे जून महिन्यात भरतो. बीहाइव्ह नावाची ती केशरचना शिकागोच्या मार्गारेट व्हिन्सी हेल्ट यांनी १९६० साली केली. तिचं मर्म उलट्या विंचरण्यात आहे. केसांची पातळ बट सरळ वर धरायची आणि बारीक कंगव्यानं टोकाकडून मुळाकडे दाबत आणायची. मुळाशी गुंता बसला की त्याच्यावर फवारा, मग पुढची बट. सगळ्यात वरची बट मात्र मोकळी ठेवून ती गुंत्यावरून गुळगुळीत ओढून घ्यायची. जाड बट घेतली की गुंता मुळापर्यंत पोचत नाही आणि तासाभरात डोक्यावरचा डोलारा एका बाजूला कलतो.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे हायलंडटाउनला गेलो. ट्रेसीसारख्या कामगार घरातल्या मुलीचं बाल्टिमोर हेच. एकमेकांना चिकटलेली अरुंद घरं, दारापुढे पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या. काही घरांच्या विटांवर दगडासारखं दिसणारं आवरण दिसेल, ते फॉर्मस्टोन. दगड नव्हे, सिमेंटचा गिलावा. विटांवर जाळी ठोकून थर चढवत आणि ओल्या गिलाव्यातच दगडांचा आकार नि सांधे काढत. इथली वीट मऊ, पाणी पिणारी. तिला वरचेवर रंग द्यावा लागे, तो खर्च वाचेल म्हणून लोकांनी हे हौसेनं करून घेतलं. आवरणाला तडा गेला की मात्र पाणी आत शिरतं आणि मागे अडकून विटांना खातं. खिडकीच्या जाळीवर लाल छपराचं घर आणि हंस रंगवलेले दिसले तर थांबा. १९१३ साली विल्यम ऑक्टाव्हेक या किराणा दुकानदारानं ही पद्धत सुरू केली. रस्त्यावरून फक्त चित्र दिसतं, आतल्याला मात्र रस्ता दिसतो. रंग दाट झाला की जाळीची भोकं बुजतात, मग हवाही नाही आणि बाहेरचं दिसतही नाही.

ही मोहल्ल्यांची विभागणी आपोआप झालेली नव्हती. १९१० साली बाल्टिमोरनं कुणी कुठल्या रस्त्यावर राहायचं हे वर्णावरून ठरवणारा कायदा केला, अमेरिकेतला तसा पहिला. सर्वोच्च न्यायालयानं १९१७ मध्ये असे कायदे रद्द ठरवले, तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या. म्हणून हायलंडटाउन बघितल्यावर मेट्रोनं अप्टन स्टेशनला जाऊन पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू बघाच. कृष्णवर्णीय बाल्टिमोरची करमणूक या रस्त्यावर होती. मोठमोठे कलाकार जिथे गायले ते रॉयल थिएटर १९७१ मध्ये पाडलं. जवळच गायिका बिली हॉलिडेचा पुतळा आहे. दिवसाउजेडी जा, फोन खिशात ठेवा. दोन-तीन चौकांत पाहणं उरकतं.

डिव्हाइनसाठी दोन थांबे. पेन स्टेशनच्या दक्षिणेला ईस्ट प्रेस्टन स्ट्रीटवर त्याचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, गाडी पकडण्याआधी सहज होतं. समाधी टाऊसन या उपनगरातल्या प्रॉस्पेक्ट हिल दफनभूमीत. दगडावर खरं नाव आहे, हॅरिस ग्लेन मिलस्टेड, आणि लोक तिथे लिपस्टिक ठेवून जातात. 'हेअरस्प्रे' फेब्रुवारी १९८८ मध्ये आला, डिव्हाइन ७ मार्चला गेला. वय ४२. डाउनटाउनहून टाऊसनला सिटीलिंक रेड बस जाते, आणि वाटेत यॉर्क रोडवर १९३९ चं सेनेटर थिएटर लागतं.

ग्विन ओक पार्क शेवटी ठेवलं. सिनेमातल्या 'टिल्टेड एकर्स' या मनोरंजन पार्कचा मूळ नमुना हाच, चित्रीकरण मात्र पेनसिल्व्हेनियातल्या डॉर्नी पार्कात झालं. इथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ४ जुलै १९६३ च्या निदर्शनांत जवळजवळ ३०० जणांना अटक झाली, त्यात वीसहून जास्त धर्मगुरू होते. २८ ऑगस्टला पार्क सर्वांना खुलं झालं. १९७२ च्या जूनमध्ये ऍग्नेस वादळाचा पूर आला आणि पार्क संपलं. आता तिथे हिरवळ आणि झाडं आहेत. मुद्दाम गाडी काढून जायचं तर हे मनात धरून जा.

पार्कातली एक वस्तू मात्र वाचली, आणि ती बघायला बाल्टिमोरात थांबावं लागत नाही. १९४७ सालचं इथलं मेरी-गो-राउंड १९८१ मध्ये वॉशिंग्टनला नेलं. नॅशनल मॉल या लांबलचक हिरवळीवर, स्मिथसोनियन संग्रहालयांपैकी आर्ट्स अँड इंडस्ट्रीज इमारतीसमोर ते उभं आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी ते बराच काळ बंद राहिलेलं आहे, म्हणून चालू असल्याची खात्री करूनच वेळ ठरवा. २८ ऑगस्ट १९६३ ला यावर बसणारं पहिलं कृष्णवर्णीय मूल म्हणजे शेरॉन लँगली, वय ११ महिने. घोड्यावर तिला धरून वडील शेजारी उभे होते. आज त्यातल्या एका घोड्यावर तिचं नाव आहे. त्याच दिवशी, याच हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला, लिंकन मेमोरियलसमोर नागरी हक्कांच्या मोर्चासाठी सुमारे अडीच लाख माणसं जमली होती. मेरी-गो-राउंडपासून ती जागा चालत अर्ध्या तासावर आहे.