तुम्ही विचारलेत म्हणून: माझ्या उपचारांची नोंद कोण पाहते?

"मॅडम, तुम्ही तर क्लेमच्याच कामात आहात. मग मनाच्या उपचारांसाठी तुम्ही स्वतःचा मेडिक्लेम वापरलात का? आणि वापरला असेल, तर त्याची नोंद कुठे राहते?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात अनेकांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, चांगल्या नोकरीत असलेले, कंपनीचा पाच-सात लाखांचा विमा हाताशी असलेले लोक असतात आणि ते हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत जिन्यात किंवा लग्नकार्यात पंगत उठल्यावर, आवाज खाली आणून विचारतात. उत्तर असे आहे की मी वापरला, नोंद राहते, आणि तरीही तुम्ही वापरावा असेच माझे मत आहे. मात्र एवढ्यावर उत्तर संपवले तर तुमची फसवणूक होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी शिक्षणाने बीएएमएस डॉक्टर आहे. तीन वर्षे एका खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या केल्यावर मी पुण्यातल्या एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेमची तपासणी करणाऱ्या संस्थेत नोकरी धरली. तुमचे कॅशलेस, म्हणजे रुग्णालयाचे बिल परस्पर विम्यातून भरले जाणे, मंजूर करणारी व्यक्ती पुष्कळदा आमच्यासारखी बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर असते, हे बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. डिस्चार्ज समरी वाचायची, पॉलिसीच्या अटी पडताळायच्या, शंका असेल तर रुग्णालयाला क्वेरी पाठवायची आणि निर्णय नोंदवायचा, हे काम मी अकरा वर्षे केले. त्यातली पहिली सात-आठ वर्षे मी ते मनापासून केले.

मे २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, नवे परिपत्रक काढले. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय झाला पाहिजे, असे त्यात बंधन आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा नियम अत्यंत न्याय्य आहे; बिल भरण्यासाठी संध्याकाळपर्यंत खाटेवर ताटकळत बसलेली माणसे मी रुग्णालयात असताना पाहिली आहेत. परंतु आमच्याकडे माणसे तेवढीच राहिली आणि प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ आले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात डेंग्यूच्या फाइलींची रांग लागली, तेव्हा पाणी प्यायला उठायचे असले तरी माझी नजर आधी त्या आकड्यांकडे जाई.

बर्नआउट हा शब्द न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ साली शास्त्रीय लिखाणात आणला. इतरांची सेवा करता करता दवाखान्यातले स्वयंसेवक, आणि तो स्वतःही, कसे आतून रिकामे होत गेले, याचे ते वर्णन होते. मराठीत आपण कामाचा उबग आला म्हणतो, पण उबग दोन दिवसांच्या सुट्टीने ओसरतो. मला झालेले तसे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची तीन अंगे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने तुटणे आणि हातून नीट काम होत नाही ही भावना. माझ्यात ती या क्रमानेच आली. पहाटे तीनला जाग येऊ लागली, एकच डिस्चार्ज समरी चार-चार वेळा वाचावी लागू लागली, आणि ऑक्टोबरमध्ये एका मुलाचा फोन आला. वडील आयसीयूत होते, मंजुरी अडकली होती आणि तो फोनवर रडत होता. मी त्याचे बोलणे ऐकतच नव्हते. या फोनमुळे दुसऱ्या फाइलची किती मिनिटे जातील, याचा हिशेब मनात करत होते. फोन ठेवल्यावर ते माझ्या ध्यानात आले आणि मी स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ बसून राहिले. त्या दिवसाबद्दल मला आजही वाईट वाटते.

तरीही मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मला आणखी पाच आठवडे लागले. ज्या शहरात कोणी थोडे वेगळे वागले की "याला येरवड्याला पाठवा", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असे सहज म्हटले जाते, त्या शहरात मी लहानाची मोठी झाले आहे. शिवाय माझी भीती अधिक नेमकी होती: आमच्या कर्मचाऱ्यांचे क्लेम आमच्याच मजल्यावर तपासले जातात. माझी फाइल शेजारच्या टेबलावर उघडली जाणार होती.

पहिल्या भेटीनंतर डॉक्टरांच्या कागदावर "कामाचा ताण, बर्नआउट" एवढेच लिहिलेले होते. मी ते बिल ओपीडीच्या, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या, लाभाखाली पाठवले आणि ते परत आले. परत पाठवणाऱ्याने चूक केली नव्हती, त्याच्या जागी मीही तेच केले असते. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणते, आजार म्हणत नाही. आपल्याकडे क्लेमसाठी रोगांची जी दहावी आंतरराष्ट्रीय सूची वापरतात, तिच्यातही तो झेड ७३.० या क्रमांकाखाली, आयुष्यातल्या अडचणींच्या यादीत येतो. विमा आजाराचे पैसे देतो, अडचणीचे देत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी सविस्तर तपासणी केली, झोप, भूक, एकाग्रता, जगण्याविषयीचे विचार, सारे विचारले आणि मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचे निदान केले. त्याचा क्रमांक एफ ३२.१. हे निदान बिल मंजूर व्हावे म्हणून लिहिले आहे की खरे आहे, असे मी त्यांना स्पष्ट विचारले. त्यांनी प्रत्येक लक्षण किती आठवड्यांपासून आहे ते माझ्यासमोर मोजून दाखवले. थकव्याच्या आवरणाखाली आजार होता, आणि मी डॉक्टर असूनही तो ओळखला नव्हता. बर्नआउट झालेल्या प्रत्येकाला नैराश्य असते असे नाही. पण ते आहे की नाही, हे तपासून घेण्याचे काम स्वतःच्या अंदाजावर सोडू नये.

आता कायद्याविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१(४) सांगते की शारीरिक आजाराच्या उपचारांसाठी विमा ज्या आधारावर मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजारासाठीही प्रत्येक विमा कंपनीने दिला पाहिजे. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इर्डाने कंपन्यांना त्याचे पालन करण्यास सांगितले. मी नोकरीत नवी असताना पॉलिसींच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत मानसिक विकारांची ओळ ठरलेली असे, आणि तिच्यावर बोट ठेवून मी स्वतः क्लेम नाकारले आहेत. कायदा आल्यानंतरही ती ओळ लगेच हटली नाही. जुन्या अटीच्या आधारे क्लेम नाकारल्या गेलेल्या एका महिलेच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निर्णय दिला, तेव्हा आमच्या मजल्यावर त्याची बरीच चर्चा झाली होती.

परंतु "त्याच आधारावर" या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. आपला साधा मेडिक्लेम शारीरिक आजारातही डॉक्टरांची तपासणी फी किंवा महिन्याची औषधे देत नाही. तो मुख्यतः चोवीस तास दाखल झाल्यावर लागू होतो. मनाचे उपचार बहुतांशी दाखल न होता, आठवड्यामागून आठवडे समोर बसून बोलण्याने आणि गोळ्यांनी होतात. म्हणजे समान वागणूक मिळूनही नैराश्याच्या किंवा चिंतेच्या रुग्णाचा बहुतेक खर्च विम्याबाहेरच राहतो. ही समानता कागदावर खरी आणि व्यवहारात अपुरी आहे, आणि अकरा वर्षे या व्यवसायात राहूनही तिचे समर्थन मला करता येत नाही. ज्यांच्या पॉलिसीत ओपीडीचा लाभ वेगळा जोडलेला आहे, त्यांनाच त्यातून काही मिळते. माझ्या पॉलिसीत तो वर्षाला दहा हजार रुपये होता. त्यातून मानसोपचारतज्ज्ञांची फी आणि औषधे बसली. समुपदेशनाच्या सोळा सत्रांचे, प्रत्येकी बाराशे रुपयांप्रमाणे, एकोणीस हजार दोनशे रुपये मी स्वतः भरले, कारण माझ्या समुपदेशक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या चिकित्सा मानसतज्ज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नव्हत्या आणि पॉलिसीत ती अट होती. त्या कामात उत्तम होत्या, मी त्यांना बदलले नाही. तुम्ही मात्र पहिले सत्र ठरवण्याआधीच पॉलिसीतली ही अट वाचून घ्या.

नोंद कोण पाहते, हा मूळ प्रश्न. टीपीएमध्ये ती तपासणारा डॉक्टर पाहतो, विमा कंपनी पाहते. तुमच्या एचआरला काय दिसते, हे त्या कंपनीच्या करारावर अवलंबून असते: काहींना फक्त एकूण रकमांचा अहवाल जातो, तर काहींना नावांसह यादी जाते. म्हणून क्लेम पाठवण्याआधी "आमच्या क्लेममधली कोणती माहिती तुमच्यापर्यंत येते?" असा ईमेल एचआरला करा, त्यात स्वतःच्या आजाराचा उल्लेख करण्याची गरज नाही. कायद्याच्या कलम २३ ने मानसिक आजारावरील उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा अधिकार रुग्णाला दिलेला आहे. त्याचा हवाला देऊन मी माझ्या विभागप्रमुखांना पत्र लिहिले आणि माझ्या फाइली मुंबईच्या कार्यालयात तपासल्या जाव्यात अशी विनंती केली. त्यांनी एकही प्रश्न न विचारता ती मान्य केली. पाच आठवडे मी ज्या गोष्टीला घाबरत होते, ती अर्ध्या पानाच्या पत्राने सुटली.

"डॉक्टरांकडून दुसरेच काहीतरी लिहून घेऊ का, मायग्रेन किंवा अशक्तपणा?" असेही मला विचारले जाते. कृपया तसे करू नका. खोट्या निदानाचा क्लेम हा गैरव्यवहार ठरतो. पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे संरक्षण खरे आहे, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते लागू नाही. शिवाय पुढे कोणत्याही डॉक्टरला तुमचा इतिहास पाहायचा झाला, तर त्याच्या हाती चुकीचा कागद पडेल.

खरा क्लेम नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागा. तिथे महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये पुण्यात आणि मुंबईत आहेत, वकील लागत नाही, शुल्क नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून मोफत, चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आणखी एक गोष्ट मी माझ्या अनेक सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिली आहे. दमलेला माणूस उपचारांआधी राजीनामा लिहितो आणि कंपनीचा विमा नोकरीबरोबरच संपतो, म्हणजे ज्या काळात विम्याची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच काळात तो हातातून जातो. राजीनामा द्यायचाच असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याविषयी आधी चौकशी करा आणि मगच तारीख ठरवा.

मी राजीनामा दिला नाही. गोळ्या नऊ महिने चालल्या आणि नैराश्य ओसरले, मात्र घड्याळाच्या फाइलींसमोर बसले की छातीत पुन्हा तेच दाटून येई. ते कोणत्याही पॉलिसीत बसणारे नव्हते. मी फेरविचाराच्या विभागात बदली मागून घेतली. तिथे नाकारलेले क्लेम पुन्हा वाचायचे असतात आणि रुग्णांच्या घरच्यांशी बोलायला वेळ असतो. पगार थोडा कमी झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा मी कंपनीच्या विम्याव्यतिरिक्त स्वतःची एक पॉलिसी घेतली. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये गेल्या काही वर्षांत मानसिक आजारावर उपचार झाले आहेत का, असा रकाना होता. त्यात मी निदान, औषधाचे नाव आणि उपचार सुरू झाल्याची तारीख लिहिली. कंपनीने डॉक्टरांचा कागद मागवला, तो मी पाठवला. पॉलिसी मिळाली, त्या आजाराच्या क्लेमसाठी छत्तीस महिने थांबावे लागेल, असे तिच्यात नमूद आहे.