अणूचा मगज

परवा लेक किचनच्या ओट्याला टेकून नववीचं सायन्स घोकत होती, न्यूक्लियस म्हणजे केंद्रक, न्यूक्लियस म्हणजे केंद्रक, आणि मी शेजारी जांभळी नाक्यावरून आणलेले अक्रोड बत्त्याने फोडत बसले होते. मधेच म्हणाली, आई, पण न्यूक्लियसचा खरा अर्थ काय गं? मोबाईलवर बघितलं तर लॅटिनमध्ये नक्स म्हणजे कडक कवचाचं फळ, अक्रोड-बिक्रोड, आणि न्यूक्लियस म्हणजे त्याच्या आतला गर. म्हणजे माझ्या हातात तेव्हा न्यूक्लियसच होता की, अर्धा चुरा झालेला!

1831 साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींमधे तो गोल ठिपका बघून त्याला हे नाव दिलं. माणूस झाडापानांतला, त्याला बी-गर सुचणारच. पुढे 1911 मधे रदरफोर्डला सोन्याच्या पातळ पत्र्याच्या प्रयोगातून कळलं की अणूच्या मधोमध पण असंच काहीतरी घट्ट बसलंय, आणि मग हेच नाव तिथेही चिकटलं.

आता आपलं केंद्रक. मला वाटायचं हा तरी अस्सल आपला शब्द, पण केंद्र आलं ग्रीक केंट्रॉनवरून, ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात (आमचे सासरे रोज कोणाच्या ना कोणाच्या केंद्रात गुरू बसवतात ते तेच केंद्र). आणि केंट्रॉन म्हणजे मूळात बैलाला टोचायची पराणी! कंपासचं टोक कागदावर टोचलं की वर्तुळाचा मध्य, म्हणून केंद्र. त्यापेक्षा सरळ मगज म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, टरबुजाच्या बीचा मगज आपल्याला माहीत असतोच, तोही फारसीतून आलाय म्हणा, पण निदान कळतो तरी.

लेक म्हणाली, मगज लिहिला तर मॅडम मार्क कापतील. मग मी तिला साइज सांगितला. केंद्रक समज खाऱ्या दाण्याएवढा, 1 सेंटीमीटरचा, आणि तो आपल्या ठाण्याच्या तलावपाळीच्या मधोमध ठेवला, तर आख्खा अणू होईल साधारण 1 किलोमीटर रुंद, जवळपास सगळं वजन त्या एका दाण्यात आणि बाकी इलेक्ट्रॉन सोडले तर सगळी जागा मोकळी.

"तलावपाळीला? मोकळी? रविवारी पण?"